नाव लांब, उर्फनाव छोटे

रोजच्या व्यवहारात आपण लांब नावांऐवजी छोटी नावे वापरतो. संगणकाच्या आज्ञावलीतही अशी छोटी नावे वापरतात. ती का वापरतात, कशी वापरतात आणि वापरताना कोणती खबरदारी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, 'उर्फ' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. मूळचा तो अरबी. एखाद्या माणसाचे कागदोपत्री एक नाव असते आणि लोकांच्या तोंडी दुसरे असते. अशा दोन नावांच्या मध्ये आपण 'उर्फ' लिहितो. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, एवढेच हा छोटा शब्द सांगतो.

शायरांचे तखल्लुस तुम्ही उर्दूच्या तासाला शिकलाच आहात. मिर्झा असदुल्ला खान यांना सारे जग 'गालिब' म्हणून ओळखते. मुंबईत राहून चित्रपटगीते लिहिणारे अब्दुल हई म्हणजेच साहिर लुधियानवी. मराठीतही ही रीत आहे. विष्णु वामन शिरवाडकर यांनी 'कुसुमाग्रज' या नावाने कविता लिहिल्या. शायर गझलेच्या शेवटच्या शेरात आपले तखल्लुस गुंफतो. तेथे पूर्ण नाव घालायचे म्हटले, तर ओळीत मावणारच नाही.

माणसांप्रमाणे रस्त्यांनाही अशी नावे मिळतात. अंधेरीत किंवा बोरिवलीत कोणी वाट विचारली, तर आपण 'एस. व्ही. रोडने जा' असे सांगतो. स्वामी विवेकानंद मार्ग हे पूर्ण नाव पाटीवर असते. घाटकोपर आणि मुलुंडकडे लालबहादूर शास्त्री मार्गाचा 'एल. बी. एस.' होतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड हे नाव उच्चारताना तर दम लागतो, म्हणून रिक्षावाले त्याला 'जे. व्ही. एल. आर.' म्हणतात. रस्ता तोच राहतो. केवळ हाक मारण्याचे नाव छोटे होते.

संगणकाच्या जगातही हेच घडते. ते कसे, हे आता पाहू.

संगणकाला काम सांगण्यासाठी सूचनांची जी यादी लिहितात, तिला आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. प्रत्येक आज्ञावली अगदी कोऱ्या पाटीपासून लिहावी लागत नाही. सरासरी काढणे, आलेख काढणे, तारखा मोजणे ही कामे जगात असंख्य लोकांना लागतात. म्हणून त्या कामांच्या सूचना कोणीतरी एकदा नीट लिहून, तपासून, एकत्र बांधून ठेवतो. अशा गाठोड्याला पॅकेज म्हणतात. त्यातील एका फाइलएवढ्या लहान गाठोड्याला मॉड्यूल असेही नाव आहे. आपण या पाठात दोघांनाही पॅकेजच म्हणू. सुताराची हत्यारांची पेटी असते, तशीच ही पेटी. हवे ते हत्यार काढावे आणि काम करावे.

अशा पेट्या जगात लाखो आहेत. मग त्यांची नावे एकमेकांशी जुळून गोंधळ होणार नाही का? होईल. म्हणूनच पुष्कळ पॅकेजांची नावे लांब ठेवावी लागतात. एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असल्या, तर हजेरी घेताना शिक्षक वडिलांचे नावही उच्चारतात. नाव लांब होते, पण हजेरी चुकत नाही. १९९५ साली जगापुढे आलेल्या जावा या संगणकभाषेत हाच विचार केलेला आहे. तेथे संस्थेचा इंटरनेटवरील पत्ता उलट क्रमाने लिहून पॅकेजच्या नावाची सुरुवात करतात. अपाची नावाच्या संस्थेचे एक पॅकेज 'ओआरजी डॉट अपाची डॉट कॉमन्स डॉट लँग३' असे आहे. पाकिटावरचा पत्ता खालून वर वाचावा, तसे हे नाव आहे. आधी मोठा विभाग, मग संस्था, मग संस्थेतील शाखा आणि शेवटी नेमकी पेटी.

लांब नावाचा फायदा असा, की ते दुसऱ्या कोणाच्या नावाशी सहसा जुळत नाही. तोटा असा, की ते पुन्हा पुन्हा लिहावे लागते. यावर उपाय म्हणून अनेक संगणकभाषांनी उर्फनावाची सोय केली.

पायथन या भाषेचे उदाहरण घेऊ. ही भाषा गिडो व्हान रॉसम या नेदरलँड्सच्या संगणकतज्ज्ञाने तयार केली. १९९१ मध्ये ती लोकांच्या हाती आली. या भाषेत पॅकेज मागवण्यासाठी 'इम्पोर्ट' हा शब्द लिहितात. इम्पोर्ट म्हणजे आत आणा. २००० साली आलेल्या पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत इम्पोर्टच्या ओळीत 'ॲज' हा शब्द जोडण्याची सोय झाली. ॲज म्हणजे 'या नावाने'. आता ही ओळ पाहा. संगणकावर ती रोमन लिपीत लिहितात. येथे वाचण्याच्या सोयीसाठी नागरीत दिली आहे.

इम्पोर्ट मॅटप्लॉटलिब.पायप्लॉट ॲज पीएलटी

या ओळीचा अर्थ असा : 'मॅटप्लॉटलिब.पायप्लॉट ही पेटी आत आणा आणि येथून पुढे तिला पीएलटी या नावाने ओळखा.' म्हणजे 'ॲज' हा पायथनमधला 'उर्फ' आहे!

हे पॅकेज आलेख काढण्यासाठी वापरतात. आता थोडा हिशेब करू. रोमन लिपीत याच्या पूर्ण नावात मधल्या टिंबासह १७ खुणा आहेत. उर्फनावात ३ आहेत. एका आज्ञावलीत हे नाव ३० वेळा आले, तर पूर्ण नावासाठी ५१० खुणा टंकाव्या लागतील. उर्फनावाला ९० पुरतील. बोटांचे श्रम वाचतात, आणि डोळ्यांचेही वाचतात. वाक्यात लांब नाव पुन्हा पुन्हा आले, की खरे काम काय चालले आहे ते चटकन दिसत नाही.

पायथन वापरणाऱ्यांत तीन उर्फनावे फार प्रचलित आहेत. संख्यांच्या रांगांचे गणित करणाऱ्या 'नमपाय' या पॅकेजला 'एनपी' म्हणतात. माहितीचे तक्ते हाताळणाऱ्या 'पांडास'ला 'पीडी' म्हणतात. आलेखाच्या पॅकेजला 'पीएलटी' म्हणतात, हे आपण पाहिलेच. ही नावे पाळलीच पाहिजेत असा भाषेचा नियम नाही. तरीही मुलुंडचा विद्यार्थी, नागपूरचा अभियंता आणि जपानमधील संशोधक तीच नावे लिहितात. त्यामुळे एकाची आज्ञावली दुसऱ्याला सहज वाचता येते. 'एल. बी. एस.' म्हटले की घाटकोपरच्या सर्व रिक्षावाल्यांना रस्ता कळतो. उद्या कोणी त्याच रस्त्याला स्वतःच्या मनाने 'एक्स रोड' म्हणू लागला, तर रिक्षा कोठे जाईल?

उर्फनावाबद्दल काही गैरसमज होतात. ते आधी दूर करू. उर्फनाव दिले म्हणून पॅकेज लहान होत नाही. आज्ञावली त्यामुळे वेगानेही धावत नाही. पेटीची दुसरी नक्कलही तयार होत नाही. पेटी एकच असते. तिच्यावर आपण सोयीची चिठ्ठी चिकटवतो, इतकेच.

माणसाच्या उर्फात आणि पायथनच्या उर्फात एक फरकही आहे. 'गालिब' म्हणा किंवा 'असदुल्ला खान' म्हणा, समोरच्याला दोन्ही कळते. पायथनचे तसे नाही. 'इम्पोर्ट नमपाय ॲज एनपी' असे लिहिले, तर त्या फाइलीत फक्त 'एनपी' हेच नाव ओळखीचे होते. त्यानंतर नुसते 'नमपाय' लिहून काम सांगितले, तर हे नाव मला ठाऊक नाही, असे सांगून संगणक तेथेच थांबतो. चिठ्ठीवर जे लिहिले, तेच नाव चालते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उर्फनाव सगळीकडे चालत नाही. ज्या फाइलीत ते दिले, त्या फाइलीपुरतेच ते चालते. हे समजण्यासाठी आपली लोकल गाडी फार उपयोगी पडेल.

लोकलच्या फलाटावर इंडिकेटर असतो. त्यावर गाडीच्या वेळेबरोबर रोमन अक्षरांत गाडीचे शेवटचे स्थानक लिहितात, तेही थोडक्यात. पश्चिम रेल्वेवर 'ए' म्हणजे अंधेरी, 'बीओ' म्हणजे बोरिवली आणि 'व्ही' म्हणजे विरार. मध्य रेल्वेवर 'टी' म्हणजे ठाणे आणि 'के' म्हणजे कल्याण. पण मध्य रेल्वेवरही 'ए' आहे, आणि तेथे त्याचा अर्थ अंबरनाथ असा आहे! दादरला या दोन्ही रेल्वे भेटतात. एका फलाटावरचा 'ए' तुम्हांला अंधेरीला नेईल. पूल ओलांडून पलीकडे गेलात, तर तोच 'ए' तुम्हांला अंबरनाथला नेईल. अक्षर एकच, पण रेल्वे वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. आज्ञावलीच्या दोन फाइली अशाच दोन रेल्वे आहेत, असे समजा. एका फाइलीतला 'ए' दुसऱ्या फाइलीतल्या 'ए'पेक्षा वेगळा असू शकतो.

एकाच रेल्वेवर मात्र एका अक्षराला दोन स्थानके देऊन चालत नाही. रोमन लिपीत कल्याण, कसारा आणि कर्जत या तिन्ही नावांची सुरुवात 'के'ने होते. 'के' कल्याणला मिळाला. कल्याणनंतर लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. ईशान्येकडचा फाटा कसाऱ्याकडे जातो आणि आग्नेयेकडचा कर्जतकडे जातो. म्हणून इंडिकेटरवर कसाऱ्यासाठी 'नॉर्थ'चा 'एन' आणि कर्जतसाठी 'साउथ'चा 'एस' वापरतात. नावाचे पहिले अक्षर सुटले तरी चालेल, पण गोंधळ नको, हा त्यामागचा विचार. इंडिकेटरवर दुसऱ्या जागी 'एस' आला, तर मात्र त्याचा अर्थ 'धिमी गाडी' असा होतो. म्हणजे अक्षर कोणत्या जागी आहे, हेही पाहावे लागते.

साऱ्या देशासाठी रेल्वेने प्रत्येक स्थानकाला आणखी एक सांकेतिक नाव दिले आहे. अंधेरीचे 'एडीएच', अंबरनाथचे 'एबीएच', बोरिवलीचे 'बीव्हीआय', मुलुंडचे 'एमएलएनडी' आणि घाटकोपरचे 'जीसी'. ही नावे देशभर एकमेकांपासून वेगळी असतात. फलाटावर एका अक्षराने भागते, कारण तेथे कोणती रेल्वे आहे हे आपल्याला आधीच माहीत असते. देशभराच्या व्यवहारात मात्र एक अक्षर पुरत नाही. पॅकेजचे पूर्ण नाव हे देशभर चालणाऱ्या सांकेतिक नावासारखे, आणि उर्फनाव हे फलाटावरच्या एका अक्षरासारखे.

आता प्रश्न असा, की एकाच फाइलीत दोन पॅकेजांना एकच उर्फनाव दिले तर काय होईल? संगणक लगेच चूक दाखवील, असे तुम्हांला वाटेल. पण पायथन येथे गप्प बसतो. आधीची चिठ्ठी काढून तो ती नव्या पेटीला लावतो.

याचा परिणाम किती विचित्र होऊ शकतो, ते पाहा. समजा, आपल्याला लुडोचा फासा संगणकावर तयार करायचा आहे. पायथनमध्ये यादृच्छिक, म्हणजे कोणतीही एक अटकळ न बांधता येणारी, संख्या देणारे 'रँडम' नावाचे पॅकेज आहे. आपण त्याला 'आर' हे उर्फनाव दिले. मग 'आर.रँडइंट(१, ६)' असे लिहिले. याचा अर्थ, १ ते ६ यांपैकी एक संख्या द्या. यात १ही येऊ शकतो आणि ६ही येऊ शकतो. फासा तयार झाला.

पुढे त्याच फाइलीत कोणीतरी दुसऱ्या कामासाठी नमपायमधील 'रँडम' आणले आणि त्यालाही 'आर'च म्हटले. आता 'आर' म्हणजे नमपायची पेटी झाली. तिच्यातही 'रँडइंट' नावाचे हत्यार आहे. पण तिचा नियम वेगळा आहे. तेथे कंसातली शेवटची संख्या धरत नाहीत. म्हणून 'आर.रँडइंट(१, ६)' असे लिहिले, तर १ ते ५ याच संख्या मिळतात. सहा कधीच पडत नाही.

लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, हे तुम्ही जाणता. आता हजार वेळा फासा टाका, एकाही खेळाडूची सोंगटी हलणार नाही. संगणक मात्र एकदाही तक्रार करणार नाही. त्याच्या दृष्टीने सर्व काही ठीक चालले आहे. हा तर खेळ झाला. हाच घोळ परीक्षेच्या गुणांच्या हिशेबात किंवा रुग्णाच्या औषधाच्या मात्रेत झाला तर? जी चूक संगणक थांबवतो, ती सापडते. जी चूक तो निमूटपणे पुढे जाऊ देतो, ती फार महाग पडते.

म्हणून उर्फनाव देताना चार गोष्टी पाळाव्यात.

१. उर्फनाव फाइलीच्या अगदी सुरुवातीला द्यावे. वाचणाऱ्याला ते शोधत बसावे लागू नये.

२. ज्या पॅकेजसाठी एखादे उर्फनाव आधीच रूढ आहे, तेथे तेच वापरावे.

३. एका फाइलीत एकच उर्फनाव दोघांना देऊ नये. तेच नाव एखाद्या संख्येला किंवा यादीलाही देऊ नये, कारण तेव्हाही पहिली चिठ्ठी निघून जाते.

४. नाव मुळातच छोटे असेल, तर उर्फनाव देण्याची गरज नाही. 'रँडम' हे नाव रोमन लिपीत सहा अक्षरांचेच आहे. त्याचा 'आर' करून पाच अक्षरे वाचली, पण अर्थ हरवला.

उर्फनावाचा आणखी एक फायदा सांगायला हवा. मुंबईच्या सर्वांत मोठ्या स्थानकाचे नाव पूर्वी व्हिक्टोरिया टर्मिनस होते. लोक त्याला 'व्हीटी' म्हणत. १९९६ मध्ये त्याचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि लोक 'सीएसटी' म्हणू लागले. २०१७ मध्ये नावात 'महाराज' हा शब्द आला आणि 'सीएसएमटी' झाले. दर वेळी पाट्या, तिकिटे, नकाशे बदलावे लागले. आज्ञावलीतही पॅकेजचे नाव कधी कधी बदलते. पडद्यावर खिडक्या आणि बटणे काढणारे पायथनचे एक पॅकेज आहे, 'टीकेइंटर'. त्याच्या नावाचे पहिले रोमन अक्षर पूर्वी मोठ्या लिपीतले होते. २००८ मध्ये पायथनची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा ते लहान लिपीतले झाले. संगणकाला मोठे आणि लहान अक्षर म्हणजे दोन वेगळी नावे. ज्यांनी आज्ञावलीभर पूर्ण नाव लिहिले होते, त्यांना ते जागोजागी बदलावे लागले. ज्यांनी सुरुवातीला 'टीके' असे उर्फनाव दिले होते, त्यांना या बदलासाठी इम्पोर्टची एकच ओळ बदलणे पुरले.

सर्वच भाषांत ही सोय नाही. जावामध्ये पॅकेज आत आणताना उर्फनाव देता येत नाही. तेथे 'डेट' या एकाच नावाची दोन साधने आहेत. एक 'जावा.युटिल'मध्ये आणि दुसरे 'जावा.एसक्यूएल'मध्ये. एका फाइलीत दोन्ही लागली, तर निदान एकाचे तरी पूर्ण नाव दर वेळी लिहावे लागते. जावाशी जुळवून घेणाऱ्या कॉटलिन या भाषेची पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली. तिच्यात मात्र उर्फनावाची सोय आहे.

मित्रांनो, आज्ञावली आपण संगणकासाठी लिहितो, पण ती वाचणारी माणसेच असतात. उद्या आपला सोबती ती वाचील, वर्षभराने आपण स्वतः ती वाचू. संगणकाला लांब नावाचा कंटाळा येत नाही आणि छोट्या नावाचे कौतुकही नसते. उर्फनाव असते ते माणसासाठी. म्हणून ते छोटे असावे, पण ऐकताच मूळ नावाची आठवण यावी. 'एस. व्ही. रोड' म्हटल्यावर आपण वाट चुकत नाही, कारण ते नाव साऱ्यांनी मिळून मान्य केलेले आहे. आज्ञावलीत उर्फनाव लिहितानाही हीच जबाबदारी आपल्यावर असते.

शब्दार्थ

उर्फनाव – दुसरे, प्रचलित नाव
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी
टंकणे – कळफलकावर अक्षरे उमटवणे
रूढ – सर्वांच्या वापरात असलेले
यादृच्छिक – आधी अंदाज करता न येणारे
ईशान्य – उत्तर आणि पूर्व यांमधील दिशा
आग्नेय – दक्षिण आणि पूर्व यांमधील दिशा
निमूटपणे – काही न बोलता

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पॅकेज म्हणजे काय?
(आ) पायथनमध्ये 'ॲज' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर 'ए' म्हणजे कोणते स्थानक?
(ई) 'टीकेइंटर' या नावात २००८ मध्ये कोणता बदल झाला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पुष्कळ पॅकेजांची नावे लांब असतात.
(आ) कर्जतसाठी इंडिकेटरवर 'के' हे अक्षर वापरत नाहीत.
(इ) लुडोच्या फाशात सहा पडेनासा झाला.

प्र. ३. जोड्या लावा.
नमपाय – पीडी
पांडास – पीएलटी
मॅटप्लॉटलिब.पायप्लॉट – एनपी

प्र. ४. 'हिशेब', 'फरक', 'नक्कल' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या परिसरातील रस्ते, बाजार, शाळा किंवा बसथांबे यांची पूर्ण नावे आणि लोकांच्या तोंडची छोटी नावे यांचा तक्ता करा. एकच छोटे नाव दोन ठिकाणी आले आहे का, ते पाहा.